पिवळे फूल पाहिले, आता शेंगही पाहा

श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेत येतो. भीमा आणि घोड नद्यांच्या काठी व कुकडीच्या कालव्याखाली ऊस उभा असतो, तर वरच्या मुरमाड माळावर आपोआप उगवलेली झुडपे. पावसाळा सरताना या माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि उकिरड्याजवळ पिवळी फुले दिसू लागतात. कोणी त्या सगळ्यांना तरवड म्हणतो, कोणी टाकळा. लांबून ती सारखीच दिसतात. पण त्यांतल्या एकाच्या शेंगा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून आरोग्याच्या या पानावर या वेळी आम्ही झुडपे ओळखण्याचा धडा घेत आहोत.

हे ओळखणे का महत्त्वाचे?

उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, बिजनौर व आसपासच्या जिल्ह्यांत, पावसाळा संपला की दरवर्षी लहान मुले अचानक आजारी पडत. आधी उलट्या, मग वेड्यासारखे वागणे, झटके आणि बेशुद्धी. निम्म्याहून अधिक मुले दगावत. अनेक वर्षे हा मेंदूज्वर समजला गेला. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी चौकशी केली, तेव्हा 2007 च्या सुमारास खरे कारण पुढे आले. मुलांनी खेळताना कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. त्यातील विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर घाला घातला होता. पुढे 2016 मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात अनेक आदिवासी बालके दगावली. तिथेही डॉ. जॉन यांच्या पथकाने काही मृत्यूंमागे याच झुडपाच्या बिया असल्याचे सांगितले.

दोन्हीकडची मुले गरिबाघरची होती. आईबाप कामावर, मूल रानात, आणि पोटात भूक. हे चित्र आपल्याला परके नाही. श्रीगोंद्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. आई फडात मोळ्या बांधते आणि तीन-चार वर्षांचे पोर बांधावर खेळते. कासविंद्याच्या शेंगा भरतात त्या याच दिवसांत.

फुलापासून शेंगेकडे

फुलाच्या मध्यभागी एक हिरवी बारीक नळी असते. पाकळ्या गळल्या की तीच वाढून शेंग होते. म्हणून एकाच झुडपावर फूल, कोवळी शेंग आणि वाळलेली शेंग एकत्र सापडतात. झुडूप ओळखताना या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. तरवड, टाकळा आणि कासविंदा ही एकाच कुळातली भावंडे आहेत. तिघांनाही पाच पाकळ्यांची पिवळी फुले येतात. त्यामुळे नुसत्या फुलाच्या रंगावर ओळख ठरवता येत नाही. फरक कळतो तो शेंगेत आणि पानात.

तरवड : हे खरे झुडूप. कंबरेएवढे ते डोक्याएवढे वाढते, बुंधा लाकडासारखा कठीण आणि साल तांबूस तपकिरी. फुले मोठी, गडद पिवळी, फांदीच्या शेंड्याकडे झुबक्याने येतात. नवरात्रात बाजारात येतात ती हीच. पानाच्या देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर हिरवी पाने असतात, ही याची पक्की खूण. शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ. आत जिथे बी आहे तिथे फुगवटा दिसतो. वाळल्यावर शेंग फिकट तपकिरी होते.

टाकळा : हे पावसाळ्यात उगवणारे रोप, गुडघ्यापासून कंबरेपर्यंत. पानाच्या एका देठाला छोट्या पानांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा पाने, आणि त्यांची टोके बोथट गोल. फुले लहान, बहुधा दोन-दोन. शेंग दोरीसारखी बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली. बी चकचकीत, दोन्ही टोके तिरकी कापल्यासारखी. याच्याच कोवळ्या पाल्याची भाजी आपल्या घरांत पावसाळ्यात होते.

कासविंदा : याला रानटाकळा असेही म्हणतात आणि घोटाळा इथेच होतो. वनस्पतिशास्त्रात याचे नाव सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस. कंबरेएवढे किंवा त्याहून उंच वाढते. पानाच्या एका देठाला चार ते सहा जोड्या, आणि प्रत्येक छोट्या पानाचे टोक अणकुचीदार. देठाच्या अगदी बुडाशी एक गडद बारीक गाठ असते. पान चुरडले की उग्र, नकोसा वास येतो. शेंग बोटाएवढी लांब किंवा थोडी अधिक, चपटी, किंचित वाकलेली आणि वर तोंड करून उभी. पिकताना मधला पट्टा गडद तपकिरी होतो आणि दोन्ही कडा फिकट राहतात. एका शेंगेत वीस-तीस चपट्या, हिरवट तपकिरी बिया. कोवळी शेंग सोलली तर दाणे मुलांना खाण्याजोगे वाटतात, आणि धोका तिथेच आहे.

थोडक्यात : शेंग कागदासारखी पातळ असेल तर तरवड, दोरीसारखी बारीक असेल तर टाकळा, आणि दुरंगी, चपटी, उभी असेल तर कासविंदा.

टाकळ्याची भाजी खुडतानाही हाच नियम ठेवावा. कोवळेपणी शेंग नसते, तेव्हा पान मोजावे. तीन जोड्या व गोल टोक असेल तरच भाजी. शंका आली तर ते रोप सोडून द्यावे. कासविंद्याला आयुर्वेदात कासमर्द म्हणतात आणि खोकल्यावर त्याचा उपयोग सांगितला आहे. त्यामुळे काही जण त्याला निरुपद्रवी समजतात. घरच्या घरी त्याचा काढा किंवा बिया मुलांना कधीही देऊ नयेत.

आणखी चार ओळखी

मोगली एरंड, म्हणजेच चंद्रज्योत, कुंपणाला लावतात. जैवइंधनाच्या योजनांमुळे त्याची लागवडही झाली. फळ गोल, आधी हिरवे, मग पिवळे, शेवटी काळपट. आत बहुधा तीन काळ्या बिया. आतला गर पांढरा आणि चवीला शेंगदाण्यासारखा, म्हणून शाळकरी मुले तो वाटून खातात. मग घशात जळजळ, उलट्या आणि जुलाब.

धोत्र्याचे फूल पांढऱ्या कर्ण्यासारखे आणि बोंड गोल, काटेरी. तोंड कोरडे पडते, बुबुळे मोठी होतात, माणूस बरळू लागतो.

पिवळ्या कण्हेरीचे हिरवे, गुळगुळीत फळ पिकल्यावर काळे पडते. त्यातल्या बिट्ट्यांनी मुले खेळतात. या बियांचे विष हृदयाचे ठोके बिघडवते.

गुंजेचा वेल असतो. शेंगेत लालभडक, काळ्या डोळ्याच्या बिया. कवच टणक असते, पण बी चावली गेली तर फार घातक. लक्षणे यायला कित्येक तास, कधी एक-दोन दिवसही लागतात.

मुलाने काही खाल्ले तर

• तोंडातील उरलेले बी-शेंग बोटाने काढून टाकावे व चूळ भरायला लावावी.

• मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नये. ताक, तूप, लिंबू यांचे प्रयोग करू नयेत.

• मूल बरे दिसत असले तरी थांबू नये. 108 ला फोन करावा किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे.

• बेशुद्ध मुलाला काहीही पाजू नये, कुशीवर निजवावे.

• त्या झुडपाची फांदी सोबत न्यावी, पान, फूल आणि शेंगेसह. किती खाल्ले, केव्हा खाल्ले, सोबत कोणी खाल्ले, हे डॉक्टरांना सांगावे. सोबतच्या मुलांनाही दाखवावे.

• दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र 1800 116 117 या नि:शुल्क क्रमांकावर माहिती देते.

मूल बरळते, झटके देते, म्हणून बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेण्यात, अंगारा लावण्यात जाणारा प्रत्येक तास मुलाचा असतो. कासविंद्यावर नेमका उतारा नाही. जे काही करता येते ते वेळेवर रुग्णालयात पोहोचल्यावरच. म्हणून मुलांना ती शेंग तोंडात घालू न देणे हाच खरा इलाज.

ज्ञान आपले, ते टिकवूया

तथागतांचे वैद्य जीवक तक्षशिलेला शिकत होते. आचार्यांनी त्यांना सांगितले की, सभोवती एक योजन फिर आणि औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. जीवकांना तशी एकही सापडली नाही. या कथेचा अर्थ 'प्रत्येक पाला खाण्याजोगा' असा आम्ही घेत नाही. जीवकांनी प्रत्येक झाड स्वतः थांबून पाहिले, पारखले, हे त्यातले महत्त्वाचे.

आपल्या समाजांनाही ही पारख होती. तरवडाची साल कातडे कमावायला वापरत. ज्यांच्यावर ते काम जातीने लादले गेले, त्यांना साल, पान, शेंग यांची नेमकी माहिती असे. लादलेले काम आपण टाकले, ते योग्यच. झाडांची माहिती मात्र टाकायचे कारण नाही.

म्हणून या हंगामात प्रत्येक विहारातील बालवर्गाने एक रविवार यासाठी द्यावा. मोठ्यांनी कासविंद्याची एक फांदी आणावी, मुलांना शेंग दाखवावी, नंतर हात धुवावेत. वस्तीच्या व शाळेच्या आसपासचा कासविंदा शेंगा धरण्याआधीच उपटून टाकावा. शेजारी कोप्या पडल्या असतील तर तिथल्या आईबापांनाही ही शेंग नेऊन दाखवावी, कारण त्या मुलांपर्यंत हा अंक पोहोचणार नाही. बिजनौरकडे लोकांना हे समजावून सांगितल्यावर आजार ओसरला. तिथे जे झाले ते श्रीगोंद्यातही होऊ शकते.