खिरीची धार आणि पाण्याचा ठसका

बुद्धपौर्णिमेला आपल्या भोजनगृहात खीर वाढली जात असताना पंगतीत बसलेल्यांनी एक गोष्ट पाहिलेली असेल. दाट खीर डावातून संथ, सलग उतरते आणि वाटीत घडी घालून बसते. तोच डाव पाण्याने भरून ओतला, तर पाणी फुटते, उसळते, शेजाऱ्याच्या ताटात शिंतोडे उडवते. डाव तोच, हात तोच. मग हा फरक कशाचा?

द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना जो अंतर्गत विरोध होतो, त्याला श्यानता म्हणतात. श्यानता आणि घनता यांत आपण नेहमी गल्लत करतो. तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलके. तरी त्याची धार पाण्याहून मंद असते, कारण त्याची श्यानता अधिक आहे. उसाचा रस आणि काकवी हे तर एकाच रसाचे दोन अवतार. आटवल्यामुळे काकवीची श्यानता कितीतरी पट वाढते.

१८८३ मध्ये मँचेस्टर येथे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार मिसळली. वेग कमी असताना रंगाची रेषा सरळ राहिली. हा स्तरीय प्रवाह. वेग वाढवताच ती थरथरली आणि साऱ्या नळीत पसरली. हा संक्षुब्ध प्रवाह. घनता, वेग आणि नळीचा व्यास यांचा गुणाकार करून त्याला श्यानतेने भागले, की येणाऱ्या संख्येवरून प्रवाहाचा स्वभाव कळतो. नळीत ती सुमारे दोन हजारांच्या आत असेल तर प्रवाह शांत राहतो. चार हजारांपुढे तो बहुधा खवळतो.

दीड सेंटिमीटर व्यासाच्या नळातून पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहते असे धरू. संख्या येते साडेसात हजार. नळ जेमतेम उघडून वेग दहा सेंटिमीटरवर आणला, तर दीड हजार. धार काचेसारखी दिसू लागते. पाण्याहून शंभर पट श्यान पेज पहिल्याच वेगाने सोडली, तर संख्या केवळ पंचाहत्तर! कळव्याच्या खाडीपुलाच्या खांबांमागे ओहोटीच्या वेळी भोवरे का उठतात, हेही यावरून उमगावे. तेथे पाण्याची रुंदीच एवढी मोठी, की त्याला शांत राहणे जमत नाही.

हे गणित परीक्षेपुरते नाही. अर्धांगवायू किंवा कंपवात झालेल्या आजी-आजोबांना साध्या पाण्याने ठसका लागतो, पण दाट पेज मात्र उतरते, असा अनुभव अनेक घरांत येतो. गिळताना श्वासनलिकेचे तोंड क्षणभर मिटावे लागते. पाणी इतक्या त्वरेने घशात पोहोचते, की दुबळे स्नायू वेळ गाठू शकत नाहीत. दाट द्रव हळू आणि एकत्र सरकतो, म्हणून त्यांना उसंत मिळते. द्रव फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो आणि काही रुग्णांना तेव्हा ठसकाही येत नाही. म्हणून ठसका नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. उलट फार घट्ट केलेले पेय घशात चिकटून राहते. किती दाट द्यावे, हे डॉक्टर किंवा वाचा-उपचारतज्ज्ञच ठरवतील.

त्यांनी ठरवलेली पातळी घरी पडताळता येते. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीत सुई नसलेल्या दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये पेय भरतात आणि दहा सेकंद वाहू देतात. एक मिलिलिटरहून कमी उरले तर पातळी शून्य, एक ते चार उरले तर पहिली, चार ते आठ उरले तर दुसरी, आठहून अधिक पण दहाहून कमी उरले तर तिसरी. सिरिंजवरील शून्य ते दहा या खुणांमधील लांबी ६१.५ मिलिमीटर असावी. आकार बदलला की उत्तरही बदलते.

पेज चुलीवर पातळ दिसते आणि निवल्यावर घट्ट होते, म्हणून प्यायच्या वेळी ती जेवढी कोमट असेल तेव्हाच तपासावी. आणखी एक गोष्ट सहज निसटते. लाळेतील अमायलेज पेजेतील पिष्ट मोडते. तोंडात गेलेला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडवला, तर शेवटचे घोट पहिल्या घोटांहून पातळ झालेले असतात. म्हणून पेज थोडी थोडी दुसऱ्या वाटीत काढून भरवावी, आणि उरलेली झाकून ठेवावी.