अक्षरांतून घडणारी ओळख

मोरिवलीहून कल्याण फार दूर नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत या कल्याणचे नाव पुन्हा पुन्हा येते. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत तेथील व्यापारी, उपासक आणि कारागीर यांनी भिक्खुसंघाला दाने दिली व ती प्राकृतात कोरून ठेवली. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी खोदवून दिल्याचीही नोंद तेथे आहे. त्याने घडविलेले दागिने आज उरले नाहीत. त्याचे नाव मात्र उरले, कारण ते लिहिले गेले. ज्या समाजाचे लिहिलेले असते, त्याचे अस्तित्व पुढच्या पिढीला नाकारता येत नाही. साहित्य आणि सांस्कृतिक ओळख यांचे नाते आम्ही प्रथम या अर्थाने पाहतो.

पुढे कित्येक शतके आपल्या पूर्वजांच्या हातून अक्षर हिरावले गेले. ते परत मिळताच काय घडते, याचे उदाहरण १८५५ साली दिसते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मग्रंथ वाचण्याचाही ज्यांना अधिकार नाही, त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या शाळकरी मुलीने विचारला. तिच्या हाती सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती. पाटी-पुस्तकाची थोडकी वर्षे होती. तेवढ्यावर तिने आपल्या समाजाचे दुःख समाजाच्याच तोंडून मांडले.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा शिरोभागी तुकोबांचा अभंग घेतला. १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतील ओव्या घेतल्या. यातून आम्ही एक बोध घेतो : मराठीचा सारा वारसा आपलाही आहे, आणि त्याच वारशाच्या आधारे अन्यायाला जाब विचारता येतो. भाषा परक्याची मानून दूर सारली असती, तर हा जाब इतक्या ठामपणे विचारता आला नसता.

आज प्रश्न वेगळा आहे. निवासी शाळेत येणारे मूल घरची बोली बरोबर आणते. कोणी हसले की ते ती बोली गिळून टाकते, आणि बोलीबरोबर आजीच्या गोष्टी, जात्यावरची गाणी, घरच्या कष्टांचे शब्दही गप्प होतात. अशा मुलाच्या हाती योग्य वेळी योग्य पुस्तक पडणे फार मोलाचे असते. ऊर्मिला पवार यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘आयदान’. आयदाने म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे. लेखिकेची आई ती विणून संसार चालवी. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली. ज्या शब्दांची लाज वाटावी असे शिकविले गेले, तेच शब्द मुखपृष्ठावर छापलेले पाहून मुलाची मान आपोआप ताठ होते.

मात्र अभिमान केवळ नावे पाठ करून येत नाही. राजा मिलिंदाने भन्ते नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारले, म्हणून ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ आपल्याला लाभला. वाचन असेच हवे : विचारणारे, तपासणारे, वेळप्रसंगी आपल्याच माणसांच्या चुकाही पाहणारे.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. मूल सुट्टीत घरी आले की गुणपत्रिकेआधी त्याने काय वाचले ते विचारावे. ज्यांना वाचता येत नाही अशा आजी-आजोबांनी सांगावे व नातवंडांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ती वही शाळेच्या ग्रंथालयात यावी. कल्याणच्या सोनाराने आपले नाव दगडावर ठेवले. आपल्या घरांची नावे आपल्या मुलांनी निदान कागदावर तरी ठेवावीत.