थोरल्याचं काय चुकलं?

नगरकडच्या एका अनुदानित शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवते. मी ख्रिस्ती आहे. वर्गातली बहुतेक मुलं नाहीत. आपला विश्वास वर्गाबाहेर ठेवून साहित्य शिकवावं की विश्वासासकट, हा प्रश्न या नोकरीत सारखा समोर येतो. त्यातून हाती लागलं ते असं.

१. वर्गात उपदेश नको.
राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. कायदा नसता तरी मी हेच पाळलं असतं. तास संपेपर्यंत पोरांना उठून जाता येत नाही. अशा श्रोत्यांपुढे केलेल्या उपदेशाला काय किंमत? माझा विश्वास दिसायचाच असेल, तर मागच्या बाकावरच्या पोराशी मी कशी बोलते त्यात दिसावा.

२. अभंग परका समजून शिकवू नये.
“मॅडम, तुम्ही तर चर्चला जाता, मग विठ्ठलाचं कसं काय शिकवता?” असं कुणीतरी विचारतंच. मी नारायण वामन टिळकांचं उदाहरण देते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तुकोबांचं ऋण मोकळेपणाने मानलं आणि ख्रिस्ताची भजनं आपल्याच मातीच्या वळणाने लिहिली. आमच्याकडे ती आजही म्हटली जातात. तुकोबा शिकवताना माझा आवाज कोरडा राहिला, तर मी माझ्याच घरातलं काहीतरी नाकारलं असं होईल.

३. आधी कानाला, मग डोक्याला.
इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. हे मी नंतर सांगते. आधी मुलांना ओवी मोठ्याने म्हणायला लावते. तीन चरण यमक जुळवत येतात, चौथा आखूड पडतो आणि श्वास थांबतो. मग गृहपाठ देते : कालचा एसटीचा प्रवास एका ओवीत बसवून आणा. एका ओवीत ज्यांची दमछाक होते, त्यांना हजारो ओव्या रचणाऱ्या त्या परदेशी माणसाची मेहनत वेगळी समजवावी लागत नाही.

४. आपल्या घरातली अडचणीची पानंही उघडावीत.
“पण मॅडम, तेव्हा गोव्यात इन्क्विझिशन होतं ना?” होतं, १५६० पासून. विषय न बदलता सांगून टाकते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चंही (१८५७) तसंच. मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान अनेकजण तिला देतात, आणि विधवांचे हाल तिच्यात पोटतिडकीने आले आहेत. पण मध्येच गोष्ट थांबते आणि प्रवचन सुरू होतं, हे एखाद्या मुलीने ओळखलं तर मी बचावाला उभी राहत नाही. तेच रसग्रहणात लिही, म्हणते.

५. धर्मांतराची गोष्ट गोड करून सांगू नये.
‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवताना वर्ग हसतो आणि गप्पही होतो. नवऱ्याने, म्हणजे वर आलेल्या नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुस्तकाच्या लेखिका लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. सोवळं-ओवळं एका दिवसात सुटलं नाही. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तरी आधीचा राग आणि रडणं त्यांनी झाकून ठेवलं नाही. साक्ष द्यायची ती अशी, हे मला या पुस्तकाने शिकवलं.

६. उत्तर आपल्या मनासारखं नसलं तरी गुण द्यावेत.
महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’शेजारी मी येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट ठेवते. धाकटा आपला वाटा उडवून परत येतो, बाप पोसलेलं वासरू कापून मेजवानी घालतो, थोरला रुसून बाहेर राहतो. शेतकऱ्याच्या एका पोराने वहीत लिहिलं : “थोरल्याचं काय चुकलं? हा उधळत हिंडत होता तेव्हा रात्री-अपरात्री पाण्यावर कोण जात होतं? आणि ते वासरू कुणी सांभाळलं होतं?”

चर्चमध्ये मी या गोष्टीवर ऐकलेली प्रवचनं बहुतेक बापाच्या क्षमेवरची. पण लूकच्या शुभवर्तमानात थोरला शेवटी घरात गेला की नाही, हे सांगितलेलंच नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो आणि गोष्ट तिथेच थांबते. पोराने नेमकी तीच मोकळी जागा हेरली होती. मी पूर्ण गुण दिले आणि शेजारी लाल शाईने विचारलं, “मग मेजवानी सोडून बाप बाहेर का आला?”

त्याने लगेच उत्तर लिहून आणलं : “कारण उद्यापासून शेत थोरल्यालाच बघायचं होतं.” मला हे पटलेलं नाही. गुण मात्र याचेही दिले.