हुबळी स्थानक आणि आपला व्यापार

दाजीबानपेठेच्या व्यापाराचा विचार करिताना हुबळी स्थानकाचे ऋण विसरता येणार नाही. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने येथवर मीटरगेज मार्ग आणिला व या प्रांतीचा कापूस दूरच्या बाजारपेठांस जाऊ लागला. परंतु पुढे जेथे ब्रॉडगेज मार्ग लागे, तेथे प्रत्येक गासडी हमालांकरवी दुसऱ्या वाघिणीत चढवावी लागे. हमाली वाढे, विलंब होई. १९९०च्या दशकात येथील मुख्य मार्ग ब्रॉडगेज झाले आणि हा भार टळला. २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय येथेच आहे. २०२३ साली उद्घाटन झालेल्या १,५०७ मीटर लांबीच्या फलाटाचा आम्हांस अभिमान वाटतोच. तथापि माल एकदाच चढावा व एकदाच उतरावा, यातच व्यापाऱ्याचे खरे हित आहे, असे आम्ही मानितो.