गहाण ठेवलेले घर

गाणे ऐकताना गाणाऱ्याचा कंठ आपल्या कानी पडतो. त्यामागचे कष्ट मात्र ऐकू येत नाहीत. मुलांनो, इंग्लंडमधील गायिका इमोजेन हीप यांची हकीकत वाचली, म्हणजे ते कष्ट तुमच्या ध्यानी येतील.

इमोजेनचा जन्म १९७७ साली लंडनच्या परिसरात झाला. लहानपणीच ती पियानो व चेलो वाजवू लागली. पुढे वसतिगृहाच्या शाळेत तिला अटारी नावाचा संगणक हाताळावयास मिळाला. त्यावर सूर नोंदवणे, ते मागेपुढे करणे, एकावर एक रचणे, हे सारे ती आपली आपणच धडपडून शिकली.

१९९८ साली तिचा पहिला गीतसंग्रह निघाला. परंतु तो काढणारी कंपनीच पुढे विकली गेली. २००२ साली गाय सिग्सवर्थ या संगीतकाराबरोबर 'फ्रू फ्रू' या नावाने तिने आणखी एक संग्रह केला. त्यानंतर मात्र हीपबाईंनी निर्धार केला, की पुढचा संग्रह कोणाच्याही आश्रयावाचून काढावयाचा. त्यासाठी पैसा हवा होता. त्यांनी लंडनमधील आपले घर गहाण टाकले, स्वतःला एका वर्षाची मुदत घातली आणि त्या कामाला लागल्या. गीते रचणे, चाली बांधणे, गाणे, ध्वनिमुद्रण करणे, हा सारा भार त्यांनी एकटीने उचलला.

एके सायंकाळी ऐन कामात संगणक बंद पडला. दिवस वाया घालवून घरी परतणे त्यांच्या जिवावर आले. एका आवाजातून अनेक सुरेल आवाज निर्माण करणारे एक यंत्र जवळच पडून होते. ते जोडून, पट्ट्यांवर बोटे ठेवून त्या गाऊ लागल्या. त्यातूनच 'हाइड अँड सीक' हे गीत जन्मले. त्यात दुसरे एकही वाद्य नाही. आहेत ते केवळ आवाज. २००५ साली 'स्पीक फॉर युवरसेल्फ' हा संग्रह निघाला आणि त्यातील याच गीताने त्यांचे नाव दूरवर नेले.

पुढचा संग्रह 'एलिप्स' त्यांनी आपल्या बालपणीच्या घरात केला. ज्या तळघरातील खोलीत त्या लहानपणी खेळत, तेथेच त्यांनी ध्वनिमुद्रणाची जागा उभारली. या संग्रहाला २०१० साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो गायनाबद्दल नव्हे, तर उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाबद्दल! शाळेत आपण होऊन गिरवलेल्या धड्याचे हे फळ होते.

घर गहाण टाकण्याचे धाडस सर्वांनाच फळते असे नाही. हीपबाईंच्या धाडसामागे अनेक वर्षांची तयारी होती. घरावर कर्ज काढता येते. विद्या मात्र उसनी आणता येत नाही.

स्वाध्याय

१. हीपबाईंनी आपले घर का गहाण टाकले?
२. संगणक बंद पडला नसता तर काय झाले असते, असे तुम्हांला वाटते?
३. 'विद्या उसनी आणता येत नाही', हे वाक्य तुमच्या अनुभवाच्या आधारे स्पष्ट करा.