पहिली कयाक कशी निवडावी?

आपलें कामठी गांव कन्हानच्या कांठीं वसलेलें आहे. सातपुड्यांत उगम पावणारी ही नदी कामठीच्या थोडें वर पेंच व कोलार या नद्यांना आपल्यांत सामावून घेते आणि पुढें भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेस मिळते. इतकें पाणी दाराशीं असूनहि आपल्यापैकीं फार थोड्यांनीं कधीं वल्हें हातीं धरलें असेल. नदी म्हणजे भाद्रपदांत महादेव घाटावर गणपति बोळविण्याची जागा, किंवा पुलावरून जातां जातां पाहण्याची वस्तु, एवढीच आपली तिच्याशीं ओळख! अलीकडे मात्र कित्येक तरुणांस कयाक नांवाची, एका माणसाची, दोन्ही टोकांस निमुळती होडी विकत घेण्याची हौस वाटूं लागली आहे, आणि “कोणती घ्यावी?” असा प्रश्न वरच्या वर्गांतील दोघांतिघांनीं प्रस्तुत लेखकास विचारला. या प्रश्नाचें उत्तर लेखकानें स्वतः भिजून मिळविलेलें असल्यामुळें तें येथें कांहींसें सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

कयाक ही मूळची ग्रीनलंड, अलास्का इत्यादि हिमप्रदेशांतील लोकांची शिकारीची होडी. त्या ओसाड मुलखांत मोठीं झाडें नाहींत. म्हणून समुद्रानें वाहून आणलेल्या लांकडाचा सांगाडा करून त्यावर सील माशाचें (वस्तुतः तो मासा नव्हे, सस्तन प्राणी होय) कातडें ताणून शिवीत. तिचें माप ठरविण्याची त्यांची रीत मोठी मार्मिक आहे. लांबी मालकाच्या तीन वांवा, आणि बसण्याच्या जागेची रुंदी त्याच्या कमरेएवढी अधिक दोन मुठी, असा सर्वसाधारण हिशेब असे. शिंप्यानें अंगरखा बेतावा तशी ती बेतली जाई. पुढें १८६५ सालीं जॉन मॅकग्रेगर नांवाच्या गृहस्थानें कयाकेच्या धर्तीवर एक लांकडी होडी करवून तींतून युरोपांतील नद्या धुंडाळल्या, व दुसऱ्याच वर्षीं त्या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून हा शिकाऱ्याचा धंदा हौशी लोकांचा छंद झाला. १९३६ सालच्या बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याला स्थान मिळालें. आपल्याकडे भोपाळच्या तलावावर तयार झालेल्या प्राची यादव या पायांनीं अधू असलेल्या मुलीनें २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई पॅरा सामन्यांत कयाकेच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें, हें पुष्कळांच्या वाचनांत आलें असेलच. आतां कयाक कारखान्यांत साच्यांतून निघते. तेव्हां ती अंगाला बेतण्याचें काम कारागिराकडून सुटून निवडणाऱ्यावर येऊन पडलें आहे.

लेखकानें आपली पहिली कयाक डोळ्यांनीं निवडली, हीच त्याची चूक. एका शहरांतून जुनी म्हणून मिळालेली ती होडी सोळा फूट लांब, अवघी पंचावन्न सेंटिमीटर रुंद, आणि बगळ्याच्या मानेसारखी सुबक होती. कार्तिकांतील एका सकाळीं ती कन्हानच्या कांठीं उतरविली, तेव्हां जाळें विंचरीत बसलेल्या एका वृद्ध ढिवरानें ती एकदां बुडापासून टोकापर्यंत न्याहाळली व विचारलें, “गुरुजी, पलटली त मंग चढाल कसे?” या प्रश्नाचा विचार होडी विकणाऱ्यानें केला नव्हता, घेणाऱ्यानेंहि केला नव्हता. कांठापासून वीस हात गेलों नाहीं तोंच होडी उलटली. अंगांत तरंगजाकीट होतें म्हणून डोकें वर राहिलें. परंतु होडी पाण्यानें भरली, आणि तिच्यावर चढण्याचा प्रत्येक प्रयत्न तिला पुन्हां उलथविण्यांतच संपला. अखेर त्या ढिवरानें आपला डोंगा आणून आम्हां दोघांस, म्हणजे मला व होडीला, कांठाशीं ओढून नेलें. तेव्हांपासून लेखकाचें मत असें झालें आहे कीं, पहिली होडी निवडतांना ती किती वेगानें जाते हें मागाहून पाहावें. उलटल्यावर तिच्यावर परत चढतां येतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

होडी तोल कां संभाळते, हें पदार्थविज्ञान शिकणाऱ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. होडी एका बाजूस कलली म्हणजे त्या बाजूचा अधिक भाग पाण्यांत जातो, तेथें पाणी तिला अधिक जोरानें वर रेटतें, आणि ती सरळ होऊं पाहते. लांबी व वजन तेंच असतां रुंदीपासून मिळणारी ही सावरण्याची शक्ति रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. पंचावन्न सेंटिमीटरांऐवजीं पंचाहत्तर सेंटिमीटर रुंदी घेतली, तर रुंदी दीडपटहि झाली नाहीं, पण सावरण्याची शक्ति मात्र सुमारें अडीच पट झाली! उलटपक्षीं, बैठक जितकी उंच तितका शरीराचा गुरुत्वमध्य वर जाऊन हा लाभ कमी होतो. म्हणून रुंद होडींतहि बैठक तळाशीं असावी. कोंकणांतील कोळी आपल्या अरुंद होडीला बाजूस उलांडी बांधतात तें याच तत्त्वावर. अरुंद व गोल बुडाची होडी वाईट असते असें मात्र कोणीं समजूं नये. तरबेज माणूस तिला कमरेनें कलवितो आणि लाटांवर ती रुंद होडीपेक्षां अधिक विश्वासू ठरते. नवशिक्याची गोष्ट निराळी; होडी हलली कीं तो अंग ताठ करतो, दोन्ही हातांनीं कांठ पकडतो, मान बाहेर काढतो, आणि मग व्हावयाचें तें होतें. त्याच्यासाठीं सत्तर ते ऐंशीं सेंटिमीटर रुंदी योग्य.

लांबीविषयीं लोकांची समजूत अशी कीं, लांब होडी वेगवान. हें खरें आहे, परंतु कितपत? पाण्यांतील लांबीच्या फुटांचें वर्गमूळ काढून त्याला १·३४ नें गुणलें म्हणजे होडीच्या सहजसाध्य वेगाची सीमा नॉटमध्यें येते. त्या हिशेबानें दहा फुटी होडीची सीमा तासास पावणेआठ किलोमीटर व सोळा फुटीची दहाच्या आंतबाहेर. नवशिका तासास चारपांच किलोमीटरांहून अधिक वेग फार वेळ टिकवीत नाहीं. तेव्हां त्याच्या हातीं हा फरक बव्हंशीं वायांच जातो. लांबीचा खरा उपयोग होडी सरळ जाण्यांत आहे, कारण आंखूड होडी प्रत्येक वल्ह्यासरशीं नाळ डावीउजवीकडे फिरवीत चालते. दहा ते बारा फूट हा मध्यम मार्ग होय. २०१५ सालीं मुंबईचा कौस्तुभ खाडे हा तरुण कयाकेंतून एकटा गोव्यापर्यंत गेला; तसा समुद्रप्रवास करावयाचा असेल त्यानें लांब होडीचा विचार अवश्य करावा, पण तो दुसऱ्या होडीच्या वेळीं.

कयाकेचे दोन प्रकार आहेत. एकींत पाय आंत घालून बसावयाचें. दुसरीच्या पाठीवर, पाटावर बसल्यासारखें, उघडें बसावयाचें. पहिली उलटली म्हणजे तींत पाणी भरतें, आणि दोनशें लिटर पाणी म्हणजे दोनशें किलो ओझें. पुढेंमागें बंद पोकळ कप्पे नसतील तर ती बुडण्यासहि कमी करीत नाहीं. दुसरी सर्व बाजूंनीं बंद असते. वर आलेलें पाणी तिच्या भोंकांवाटे निघून जातें, आणि पालथी झालेली सुलटी करून, पोटावर आडवें पडून, तिच्यावर चढतां येतें. थंड देशांत ओलें राहणें हा या प्रकाराचा मोठा दोष मानतात. आमच्या नागपुरी उन्हांत त्याला दोष म्हणण्याचें धैर्य कोणास होईल असें वाटत नाहीं. सारांश, येथील नवशिक्यानें उघडीच घ्यावी. कारखानदार जी भारमर्यादा सांगतो तिच्या दोनतृतीयांशाच्या आंत आपलें व सामानाचें वजन बसतें कीं नाहीं, हें पाहावयास विसरूं नये.

होडी कशाची असावी? पॉलिएथिलीनची असल्यास ती जड, बहुधा वीस ते तीस किलो, पण दगडावर घासली तरी निभावून नेणारी. कांचतंतूची होडी हलकी व देखणी. तथापि उन्हाळ्यांत पाणी आटून जिचे खडक वर येतात अशा नदीवर ती तडकण्याचें भय अधिक. हवा भरावयाची होडी घरांत फळीवर राहते व ऑटोंतून नेतां येते, हा तिचा मोठाच गुण. परंतु वारा तिला पानासारखी उडवितो, आणि आमच्या नदीकांठच्या बाभळीशीं तिचें वैर आहे. शिवाय उन्हाचें पाहा. पंचवीस अंशांवर तिच्यांत बाहेरच्या हवेपेक्षां एकपंचमांश अधिक दाब भरला आणि ती वाळूवर तापून आंतील हवा साठ अंशांस पोंचली, तर आकार न वाढल्यास हा अधिक दाब जवळजवळ पावणेदोन पट होतो. शिवण उसवते ती अशी. कांठावर येतांच थोडी हवा सोडावी. पॉलिएथिलीनची होडीहि उन्हांत गाडीच्या टपावर करकचून आंवळूं नये. तिच्या बुडाला पोचा पडतो. दुकानांत ती एकट्यानें उचलून शंभर पावलें चालून पाहावें. जी उचलवत नाहीं ती पहिल्या महिन्यानंतर घराबाहेर निघत नाहीं.

आतां पाण्याविषयीं. पावसाळ्यांत कन्हानवर कोणतीच कयाक योग्य नाहीं, मग ती कितीहि उत्तम असो. पूर ओसरल्यावरहि वाळूउपशाचे खड्डे तळाशीं राहतात, आणि गुडघाभर पाण्यांत चालणारा माणूस पुढच्या पावलास डोक्यावरच्या पाण्यांत जातो. होडी ओढीत चालतांनाहि जाकीट काढूं नये तें यासाठीं. बंधाऱ्याच्या जवळ तर फिरकूंच नये. त्यावरून पडणारें पाणी खालीं उलटें फिरत राहतें, आणि होडी, ओंडका, माणूस, जें सांपडेल तें तेथेंच घोळवीत ठेवतें. पेंचच्या तोतलाडोह जलाशयाचा मोह धरूं नये. तो संरक्षित वनांत आहे आणि तेथें मगरी आहेत. शिकण्यास स्थिर पाणी बरें, जसें रामटेकजवळील खिंडसी तलावाचें. मात्र कोणत्याहि तलावांत स्वतःची होडी घालण्यापूर्वीं तेथील अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी.

पैसे मोजके असतील तर होडी जुनी घ्यावी, जाकीट नवें घ्यावें. पोहणारास पन्नास न्यूटन उचल पुरते. कच्च्या पोहणाराने शंभराचें घ्यावें, आणि मुळींच न पोहणारानें आधीं पोहणें शिकावें. वल्हें दोन पात्यांचें, रुंद होडीस सुमारें २२० ते २३० सेंटिमीटर लांबीचें, आणि हलकें असावें; मिनिटास पन्नास हात धरले तर तासांत तें तीन हजार वेळां उचलावें लागतें.

लेखकाची ती देखणी होडी पुढें एका अनुभवी गृहस्थाकडे गेली व तेथें सुखांत आहे. तिच्या जागीं आलेली दहा फुटी, उघड्या पाठीची, भोपळ्यासारखी दिसणारी होडी गेल्या मार्गशीर्षांत त्याच घाटावर नेली, तेव्हां तो वृद्ध ढिवर तेथेंच होता. त्यानें ती मुद्दाम उलटी करावयास लावली, लेखक तिच्यावर पुन्हां चढेपर्यंत पाहत उभा राहिला, आणि मग स्वतः तिच्यावर बसून पैलतीरापर्यंत जाऊन आला. दोन पात्यांचें वल्हें मात्र त्यानें कांठावरच ठेवलें होतें; आपला बांबू त्यास अधिक सोईचा वाटला.