संगीत आणि सूचना : घरच्या व्यायामाच्या चित्रफितींतील ध्वनीचा तोल

घरातील मोकळ्या जागेत सतरंजी पसरावी, समोरच्या खुर्चीवर मोबाइल टेकवून ठेवावा आणि पडद्यावरील शिक्षक सांगेल त्याप्रमाणे हातपाय हलवावेत, ही व्यायामाची रीत मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर भारतात पुष्कळ घरांत रुजली. अशा व्यायामात शिकणाऱ्याची दृष्टी सदैव पडद्यावर नसते. पालथे पडून छाती उचलताना किंवा ओणवे झाले असताना त्याला सर्वस्वी कानावर विसंबून राहावे लागते. अशा वेळी शिक्षक म्हणतो, ‘मान मागे झुकवू नका.’ मराठी वाक्यात नकार शेवटी येतो, आणि वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याचा श्वास सरत आल्याने त्याचा स्वरही उतरलेला असतो. नेमक्या त्याच क्षणी ढोलाचा ठोका पडून ‘नका’ हा शब्द बुडाला, तर शिकणाऱ्याच्या कानी उरते ते नेमके उलटे.

सूचना ऐकू आली नाही की मनुष्य स्वाभाविकपणे आवाज वाढवतो. तरीही बोल स्पष्ट होत नाहीत, उलट अधिकच गढूळ होतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. हे असे का व्हावे?

चित्रफितीत शिक्षकाचा आवाज आणि संगीत ही दोन्ही एकत्र मिसळून एकच ध्वनिमुद्रण तयार केलेले असते. आवाजाचे बटण फिरवले की दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. त्यांतील अंतर आहे तेवढेच राहते. पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरची वर्दळ यांवर मात करण्यास हे बटण उपयोगी पडते, कारण तो गोंगाट मोबाइलमधून येत नाही. संगीताच्या बाबतीत मात्र ते निरुपयोगी ठरते. किंबहुना ते अपायकारक ठरते, आणि त्याचे कारण कानाच्या रचनेत आहे.

एका ध्वनीमुळे दुसरा ऐकू येईनासा होतो, या घटनेस ध्वनीचे आच्छादन म्हणतात. अल्फ्रेड मेयर या अमेरिकी भौतिकीविज्ञाने १८७६ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली : खालच्या पट्टीचा ध्वनी वरच्या पट्टीच्या ध्वनीला सहज झाकून टाकतो, परंतु वरच्या पट्टीच्या ध्वनीला खालच्याला असे झाकता येत नाही. १९२४ मध्ये वेगेल आणि लेन यांनी या घटनेची पद्धतशीर मापने केली. झाकणारा ध्वनी जितका मोठा, तितके त्याचे आच्छादन वरच्या पट्टीकडे दूरवर पसरते, असे त्यांत दिसून आले. याचा उलगडा अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत होतो. तिच्यातील लांबट पडद्याचा दारापाशी असलेला भाग उच्च कंप्रतेच्या (म्हणजे दर सेकंदास अधिक कंपने असलेल्या) ध्वनींना प्रतिसाद देतो, तर आतल्या टोकाचा भाग निम्न कंप्रतेच्या ध्वनींना. ढोलाची लहर आत आपल्या जागी पोहोचण्यापूर्वी दारापाशील भाग हलवीतच जाते. उच्च ध्वनीची लहर मात्र दारापाशीच संपते. या पडद्यावरील लहरींच्या अभ्यासासाठी गेओर्ग फोन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा बटण पुरते फिरवणारा शिकणारा अजाणता आच्छादनाची व्याप्तीच वाढवीत असतो.

झाकले जाते ते काय, हेही पाहिले पाहिजे. बोलण्यातील बहुतेक ऊर्जा स्वरांत असते, पण अर्थाचा पुष्कळसा भार व्यंजने वाहतात, आणि ती क्षीण व क्षणिक असतात. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक तो शेवटच्या व्यंजनाचा. ‘आत’ आणि ‘आठ’ यांचेही तेच. व्यायाम करणाऱ्याला हा फरक किती महाग पडू शकतो हे निराळे सांगायला नको. ‘स’ या वर्णाची ऊर्जा मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते, आणि द्रुत संगीतात झांजेसारखी जी वाद्ये सतत खुळखुळत असतात तीही तिथेच वावरतात. फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बोलण्याच्या सुगमतेचा सुमारे अर्धा वाटा १९०० हर्ट्झच्या वरील भागातून येतो. हा वरचा भाग ढोल खालून झाकतो आणि झांज समोरून.

प्रत्यक्ष व्यायामशाळेत ही अडचण इतकी जाणवत नाही. तेथे संगीत भिंतीवरील ध्वनिक्षेपकातून येते, तर शिक्षक दुसऱ्या बाजूला उभा असतो. दोन कान दोन दिशांचे ध्वनी निवडून वेगळे करू शकतात. गजबजलेल्या जागी मनुष्य एकाच व्यक्तीचे बोलणे कसे ऐकू शकतो, या प्रश्नावर कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. दोन निरनिराळी बोलणी एकाच वेळी दोन्ही कानांत मिसळून ऐकवली, तर ती वेगळी करताना श्रोत्याला पुष्कळ कष्ट पडत; एक या कानात आणि दुसरे त्या कानात दिले, तर काम सोपे होई. मोबाइलमधून शिक्षक आणि संगीत एकाच बिंदूतून बाहेर पडतात. दिशेचा आधारच नाहीसा होतो.

त्यात भर म्हणून मोबाइलचा चिमुकला ध्वनिक्षेपक काहीशे हर्ट्झच्या खालचे ध्वनी फारसे उमटवू शकत नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रणगृहातील मोठ्या ध्वनिक्षेपकांवर घुमणारा ढोल येथे केवळ टकटक बनतो, आणि ही टकटक बोलण्याच्या क्षेत्रात येऊन पडते. मोठ्या ध्वनिक्षेपकांवर साधलेला तोल लहानावर बिघडतो तो असा.

मग शिक्षकाने मोठ्याने बोलावे काय? गोंगाटात मनुष्य आपोआप आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये दाखवून दिले. परंतु ओरडताना स्वर जितके मोठे होतात तितकी व्यंजने होत नाहीत. ओरडण्याने शिक्षकाचा घसा तेवढा बसतो.

संगीतच काढून टाकावे, हा उपायही खरा नव्हे. ठेक्यामुळे हालचालीला लय मिळते आणि हलक्या-मध्यम श्रमाच्या व्यायामात थकवा कमी भासतो. या दृष्टीने एक जुने उदाहरण आजही अभ्यासण्याजोगे आहे. जपानमध्ये १ नोव्हेंबर १९२८ रोजी नभोवाणीवरून सामुदायिक व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. आजही प्रसारित होणारा त्यातील पहिला व्यायामसंच १९५१ चा आहे. तेथे पडदा नव्हता. सारी भिस्त कानावर होती, आणि साथीला होता तो पियानो. पियानोचा सूर हातोडी तारेवर पडताच उमटतो आणि लगेच क्षीण होऊ लागतो. त्यामुळे दोन सुरांमध्ये बोलण्यास आपसूक फट मिळते. पुढे १९८२ मध्ये जेन फोंडा या अभिनेत्रीची व्यायामाची चित्रफीत अमेरिकेत निघाली व घरोघरी तिचे अनुकरण झाले, तेव्हापासून अशा फितींत द्रुत, भरगच्च संगीताची चाल पडली. आजच्या यंत्रनिर्मित संगीतात तर अशी फट बहुधा उरतच नाही. पियानोत आपोआप मिळणारी ही फट आता ध्वनिसंयोजकाला हाताने निर्माण करावी लागते.

त्याची सुरुवात मायक्रोफोनपासून होते. तो तोंडाजवळ असला म्हणजे खोलीतील प्रतिध्वनीपेक्षा मूळ आवाज प्रबळ राहतो. दूरच्या कॅमेऱ्यातील मायक्रोफोनने टिपलेले बोलणे मागाहून कितीही वाढवले तरी स्वच्छ होत नाही. त्यानंतर संगीताचा १००० ते ४००० हर्ट्झमधील भाग थोडा उतरवता येतो. संगीताची हानी कानाला फारशी जाणवत नाही आणि व्यंजनांना जागा मिळते. सर्वांत गुणकारी युक्ती म्हणजे शिक्षक बोलू लागताच संगीत आपोआप खाली जावे आणि तो थांबला की हळूहळू वर यावे, अशी योजना. खाली जाणे त्वरित हवे, वर येणे सावकाश. नाहीतर प्रत्येक शब्दागणिक संगीत धापा टाकत असल्याचा भास होतो.

किती खाली? वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या निकषांत, सर्वोच्च श्रेणीसाठी, पार्श्वध्वनी बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबेलने कमी असावा असे सांगितले आहे. २० डेसिबेल म्हणजे शक्तीने शंभरावा भाग. कानाला मात्र तो सुमारे एक चतुर्थांश भासतो. संपूर्ण फीतभर संगीत इतके उतरवले तर ठेक्याचा जोर जाईल, पण बोलण्याच्या काळापुरते उतरवल्यास कोणाचेच नुकसान होत नाही. वयोमानाने ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली आहे त्यांना या अंतराची विशेष गरज असते. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी हरवतात, आणि गुडघ्याच्या वा पाठीच्या दुखण्यासाठी घरी व्यायाम करणाऱ्यांत वृद्धांचा भरणा असतो.

सर्वच बोलण्याला सारखे अंतर लागते असे नाही. जॉर्ज मिलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये दाखवले की, शब्द जितक्या लहान संचातून येतो तितका तो गोंगाटातही ओळखता येतो. ‘पाच, सहा’ यानंतर ‘सात’ येणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. हीच मोजणी ठेक्यावर स्वार होऊन गेली तरी चालते. पण ‘सात वेळा करा’ ही नवी माहिती आहे. आणि मानेविषयीची ताकीद तर कोणत्याही क्षणी, कोणत्याही रूपात येऊ शकते. तिला मोकळी जागा दिलीच पाहिजे.

ही जागा काळातही शोधता येते. मिनिटास १२० ठोके असलेल्या संगीतात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. चार ठोके म्हणजे दोन सेकंद. ‘मान मागे झुकवू नका’ हे वाक्य शांतपणे तेवढ्यात बसते. कुशल शिक्षक हालचाल बदलण्यापूर्वीच्या चार ठोक्यांत सूचना देतो, हालचाल सुरू झाल्यावर नव्हे. गीताचे शब्द त्याच वेळी चालू असतील तर मात्र हे सारे फुकट जाते, कारण भाषेला भाषेइतके दुसरे काहीच झाकत नाही. शब्दांवाचूनचे वाद्यसंगीत निवडणे त्यापेक्षा सोपे.

काही सेवांनी अलीकडे संगीत आणि शिक्षक यांची पातळी वेगवेगळी ठेवण्याची सोय दिली आहे. एकत्र मिसळलेल्या सर्वसाधारण चित्रफितीत ती मिळत नाही, म्हणून तोलाची जबाबदारी फीत तयार करणाऱ्यावरच पडते. आणि नेमका तोच या तोलाचा वाईट परीक्षक असतो : काय बोलले गेले हे त्याला पाठ असल्याने न ऐकलेला शब्दही त्याला ऐकू येतो. दूरध्वनीच्या चाचण्यांत यासाठीच निरर्थक अक्षरे वापरीत. येथे त्याहून सोपी रीत पुरेशी आहे. फीत पूर्वी न ऐकलेल्या व्यक्तीला, शक्य तर वयस्क व्यक्तीला, मोबाइलपासून आठ-दहा फुटांवर पडद्याकडे पाठ करून उभे करावे, पंखा चालू ठेवावा, आणि ऐकू येईल ते शब्दशः लिहून घेण्यास सांगावे. तिच्या कागदावर ‘मान मागे झुकवू’ एवढेच उतरले, तर संगीत कोणत्या सेकंदाला खाली आणायचे हे ध्वनिसंयोजकाला आपोआप कळते.